उईकेचं नख

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पानठेल्यावरच्या मित्रांना नाही. केळझरच्या गणपतीपुढे हात जोडून उभा राहिलो, तेव्हाही वेगळंच काहीतरी बोलून परत आलो. आता तुम्ही ऐकताच आहात तर सांगतो. पण आधी मी कोण, ते सांगू द्या. खरं म्हणजे स्वतःबद्दल बोलायला मला आवडतं, हे तुमच्या लवकरच ध्यानात येईल.

वर्ध्यात आर्वी रोडवर माझं गॅरेज आहे. काम फक्त इंजिनचं. पंक्चर, हॉर्न, काचा असल्या भानगडी मी करत नाही. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तिचा आवाज ऐकतो आणि कुठं काय झिजलंय ते सांगतो. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं — दहाव्या वेळी मी गिऱ्हाइकाला चहा पाजतो आणि विषय बदलतो. सेलूपासून आर्वीपर्यंत माझं नाव एकाच गोष्टीसाठी घेतात. सुधाकरभाऊ जुन्यातून इंजिन उभं करतो, म्हणतात. दुसरे मेकॅनिक नवे पार्ट मागतात, सुधाकरभाऊ हात मागतो. हे वाक्य मी केलेलं नाही, पण ऐकताना मी कुणाला थांबवलेलंही नाही.

आता इंजिन उभं करणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिन खोललं की सगळा माल पोत्यावर मांडायचा. पिस्टन, रिंगा, बेअरिंगच्या वाट्या, आणि मधोमध क्रँक, म्हणजे सगळी ताकद चाकाकडे फिरवणारा तो जाडजूड वाकडातिकडा दांडा. मग एकेक वस्तू हातात घेऊन ठरवायचं — हिला ठेवायचं की बदलायचं? सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. न लागणारं बदललं तर गिऱ्हाईक फुकट खड्ड्यात. बदलायचं ते ठेवलं तर इंजिन खड्ड्यात, आणि कधीकधी गाडीतली माणसंही.

आमचे उस्ताद कादरचाचा हे नखाने ठरवायला शिकवायचे. क्रँकच्या ज्या गुळगुळीत भागावर बेअरिंग फिरतं, त्यावरून अंगठ्याचं नख हलकंच ओढायचं. नख अडलं नाही तर ठेवा. अडलं तर बोलूच नका, बदला. मापाची यंत्रं चाचाकडेही होती, पण ती नंतर, खात्रीला. आधी नख. ते आमच्या डोळ्यांवर तेलकट फडकं बांधायचे आणि हातात क्रँक द्यायचे. "आमच्या" म्हणजे दोघांच्या. माझ्या, आणि भाऊराव उईकेच्या.

उईके आंजीकडचा. घरी आईशी गोंडीत बोलायचा, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि इंजिनशी बहुतेक गप्प राहून. आम्ही एकाच उस्तादाचे, म्हणजे गुरुभाऊ. फडकं बांधलं की माझं कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. उईकेचं चुकलेलं मी पाहिलं नाही. मला जिथं काचेसारखं गुळगुळीत लागायचं, तिथं तो अंगठा थांबवायचा आणि म्हणायचा, इथं आहे. यंत्र लावून पाहिलं तर असायचंच. चाचा त्याचा अंगठा हातात धरून बघायचे, सोनार दागिना बघतो तसा. माझा अंगठा त्यांनी तसा कधी धरला नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय? मीही स्वतःला तेच म्हणत आलो.

चाचा गेले. आम्ही दोघांनी समोरासमोर दुकानं टाकली, मधे फक्त रस्ता. तो बोलायला रुक्ष, मी गोडबोल्या. तरी जाणती माणसं त्याच्याकडेच जायची. हे मला सलायचं. सलायचं काय, जाळायचं.

मग वकिलांची ॲम्बेसेडर आली.

हे वकील म्हणजे कोर्टात समोरच्याला घाम फोडणारा माणूस, पण त्या गाडीजवळ आले की लहान पोर व्हायचे. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील दर रविवारी बॉनेट उघडून स्वतः इंजिन पुसायचे म्हणे. आता ती धूर ओकत होती, तेल पीत होती, चढावर इंजिनाच्या तळातून ठकठक करत होती. वकिलांनी ती उईकेकडे आणली आणि अट घातली. गॅस्केट बदला, तेल बदला, पण आतला एकही पार्ट बदलायचा नाही. ज्या पिस्टनवर बाबांनी मला शाळेत सोडलं, तेच पिस्टन मला पाहिजेत, असं ते म्हणाले. हसू नका. आपल्याकडे माणूस बापाचं धोतर टाकत नाही, हे तर इंजिन होतं.

उईकेने इंजिन खोललं, पोत्यावर माल मांडला, क्रँकवरून नख फिरवलं. मी रस्ता ओलांडून मुद्दाम बघायला गेलो होतो. चारदोन रिकामटेकडेही जमले होते. उईकेने हात पुसले.

"वकीलसाहेब, हे सारं बदलाच लागते," तो म्हणाला. "नाई तं गाडी घरी नेऊन ठेवा. तिले हार घाला. चालवू नका."

वकिलांचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात माझं तोंड उघडलं. पार्टला मी हातही लावला नव्हता! तरी सगळ्यांदेखत म्हणालो —

"माह्याकडं आणा, साहेब. एकही पार्ट न बदलता उभं करून देतो."

उईकेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याला वाटलं, सुधाकरला खरंच काही दिसलंय, जे आपल्याला दिसलं नाही. तो पुन्हा खाली वाकला आणि क्रँकवरून आणखी एकदा नख फिरवू लागला. त्या नजरेचं मी किती सुख घेतलं, काय सांगू? चाचांनी अंगठा धरल्यासारखं वाटलं.

माल माझ्या दुकानात आला. पोरांना मी सांगितलं, हे हाताचं काम आहे, इथं कुणी फिरकायचं नाही. दुपारी सगळे जेवायला गेले, शटर अर्धं खाली ओढलं आणि मी क्रँकजवळ बसलो. नख ओढलं. अडलं. माझ्या नखालासुद्धा अडलं — म्हणजे बघा किती झिजलं असेल. बेअरिंगच्या वाट्यांचा वरचा थर जाऊन खालचं तांबूस दिसत होतं. सिलिंडरमधे वरच्या कडेला बोट टेकेल एवढी पायरी पडली होती. उईकेचा शब्दन्शब्द खरा होता.

ठेवू की बदलू? प्रश्न तोच होता, पण आता तो इंजिनाचा राहिला नव्हता. रस्ता ओलांडून जायचं आणि म्हणायचं, भाऊ, तुझंच बरोबर होतं — पंचवीस पावलांचा रस्ता असेल. मी गेलो नाही. जुनेच पार्ट घालून गाडी देऊन टाकू का? तेही जमेना. कारण वाईट इंजिन माझ्या हातून कधी बाहेर पडलेलं नाही, याचा मला अभिमान आहे. आजही आहे, आणि तो मी लपवणार नाही. म्हणून मी तिसरं काहीतरी केलं. सगळे पार्ट बदलले, आणि एकही बदलला नाही असं सांगितलं.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा लोखंडी ठोकळा, आणि क्रँक टेम्पोत घातला, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि जिथं मला कुणी ओळखत नाही अशा नागपूरच्या एका वर्कशॉपात नेला. सिलिंडर बोअर केले, म्हणजे आतून कोरून पुन्हा सारखे करून घेतले, क्रँक घासून घेतला. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं. सगळं पदरचं घालून. पैसे खाण्यासाठी खोटं बोलणारे मेकॅनिक तुम्ही पाहिले असतील, पैसे घालून खोटं बोलणारा मी एकटाच असेन.

आणि इंजिन बांधलं कसं, ते विचारा! एकेक बोल्ट मी जीव ओतून आवळला. पहिल्या सेल्फला उठलं. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर पाणी हललं नाही. खोटं एका बाजूला ठेवा — ते इंजिन मी बांधलं आणि तसं इंजिन या जिल्ह्यात दुसरं नाही.

आता एक अडचण राहिली. आमच्यात पद्धत आहे, बदललेला जुना माल पोत्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, म्हणजे शंका राहत नाही. इथं हवाली काय करणार? त्याच उन्हाळ्यात माझ्या गॅरेजमधे सिमेंटची नवी जमीन घालायचं काम सुरू होतं. वकिलांच्या वडिलांचे पिस्टन मी मातीत पुरले आणि वरून सिमेंट ओतून घेतलं. ते अजून तिथंच आहेत. वकील अजून त्या बॉनेटवरून हात फिरवतात आणि म्हणतात, बाबांचं इंजिन.

इंजिन बांधलं की पहिली फेरी केळझरच्या गणपतीला न्यायची, हा आमचा नेम. चाकाखाली लिंबू ठेवला, वकील पुढे बसले आणि आम्ही निघालो. वाटेत त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्यात मी स्टिअरिंग धरून हसतोय. संध्याकाळपर्यंत तो अर्ध्या वर्ध्याने पाहिला. खाली लिहिलं होतं, एकही पार्ट न बदलता.

दुसऱ्या दिवशी, गाडी अजून माझ्याच दुकानात असताना, उईके आला. हातात लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. त्याने बराच वेळ ऐकलं. मी तोवर उगाच हत्यारं पुसत राहिलो. चोराच्या मनात चांदणं. मग तो सरळ झाला.

"नव्या बेरिंगचा आवाज येऊन राह्यला, बा," तो म्हणाला.

झालं, संपलं, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. पण त्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला आणि मान हलवली. "मंग माहा कानच गेला. नखही गेलं. माहं चुकलं, सुधाकर. कसं केलं तू, मले सांगजो."

समोरचा माणूस खोटं बोलत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गुरुभाऊ होता ना मी!

आता मी अडखळतोय, हे तुम्हाला जाणवत असेल. कारण आतापर्यंतचं सगळं फुशारकीत मोडतं. फुशारकी माणूस कबूल करू शकतो, चारचौघांत हसू शकतो. पुढचं तसं नाही.

मी त्याला कृती सांगितली. तिथल्या तिथं रचून. बेअरिंगच्या कॅपा, म्हणजे बेअरिंग वरून दाबून धरणारे लोखंडी तुकडे, मी कानशीने थोडे घासले, असं म्हणालो, त्याने ढिलं झालेलं बेअरिंग पुन्हा घट्ट बसतं. हा चोरटा धंदा आहे. तो केल्यावर इंजिन चार दिवस गप्प राहतं आणि मग मरतं. चाचांकडे कुणी कॅपेला कानस लावली असती तर त्यांनी हात तोडला असता. उईके तेच म्हणाला, चाचानं तं मारलं असतं. मी म्हणालो, चाचांच्या काळी ते खरं होतं. एवढं बोलून मी चहा मागवला.

त्यानंतर गिऱ्हाइकं रस्त्याच्या या बाजूला वळली. मी हुशार निघालो. वाचण्यासारखं इंजिन असलं तरच घ्यायचो, नाहीतर वेळ नाही म्हणून परत पाठवायचो. नाव वाढत गेलं. उईकेकडे जे जायचे, तेही त्याला ऐकवायचे — सुधाकरभाऊ तर काही बदलत नाही, तू काऊन बदलतोस?

त्याच्या जावयाची जीप होती, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची. बेअरिंग झिजलेलं. जावयानेही तेच ऐकवलं. आणि ज्याने जन्मात झिजलेला पार्ट परत बसवला नव्हता, त्या उईकेने कानस घेतली. केळझरहून दर्शन करून परतताना भर वेगात पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा तुटला, इंजिन जागीच आवळलं, जीप घसरत कपाशीच्या शेतात गेली. जीव कुणाचा गेला नाही. बहिणीचं, मंदाचं, मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. ती आता डाव्या हाताने कापूस वेचते.

उईके माझ्याकडे आला. भांडायला नाही — भांडायला आला असता तर किती सोपं झालं असतं! त्याने तुटका दांडा आणि घासलेली कॅप फडक्यात आणली होती. पोत्यावर मांडली. आणि विचारलं, यात माहं काय चुकलं, सांग.

मला तिथं सांगता आलं असतं. समोर कुणी नव्हतं. जमिनीकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं, पायाखालीच तर होतं सगळं. मी कॅप उचलली, उजेडात धरली, अंगठा फिरवला, जाणत्यासारखी जीभ टाळूला लावली आणि म्हणालो —

"घासताना तुहा हात जास्त गेला असन, भाऊ."

हे आहे ते. इथवर यायला मला एवढं बोलावं लागलं. इंजिनाचं खोटं नाही, पुरलेले पिस्टन नाहीत. हे एक वाक्य. या जिल्ह्यातल्या सगळ्यांत खऱ्या हाताला मी सांगितलं की चूक तुझ्या हाताची आहे. आणि त्याने ते मानलं. हो म्हणाला. फडकं बांधून घेऊन गेला.

त्यानंतर उईकेने इंजिन खोललं नाही. समोर दुकान आहे अजून. गाड्या धुतो, ग्रीस भरतो, चाकं काढतो-लावतो. कुणी इंजिनाचं विचारलं तर रस्त्यापलीकडे हात दाखवतो. माझ्याकडे. गिऱ्हाईक येऊन मला सांगतं, उईकेनं पाठवलं, तुमची फार तारीफ करत होता. मी गाडी आत घेतो.

खंडेनवमीला मात्र तो येतो. चाचांचा मोठा पाना माझ्याकडे आहे, त्याची पूजा आम्ही दोघं मिळून करतो. या वर्षीही आला. जमीन धुतली होती, त्याच जागी पाट मांडला होता, हत्यारांना हळदकुंकू, झेंडूचे हार. दुरुस्तीला आलेला एक क्रँकही पुसून पाटावर ठेवला होता. उईके शेजारी मांडी घालून बसला. बोलता बोलता त्याचा अंगठा आपसूक त्या क्रँकवर गेला. सवय कुठं जाते? नख फिरत गेलं आणि एका जागी थांबलं. त्याने पटकन हात मागे घेतला, जणू दुसऱ्याच्या ताटाला हात लावला. मग हळू आवाजात म्हणाला —

"मले वाटते, इथं लागते. पण माह्यावालं काही खरं नाई. तू पाह्य."

मी नख ओढलं. मला काहीच लागलं नाही. काचेसारखं गुळगुळीत. मी उठलो, कपाटातून मापाचं यंत्र काढलं आणि त्याच जागी लावलं. झिजलं होतं. अगदी केसाएवढं, पण होतं. मला त्या अंगठ्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आपल्या उस्तादाचा शागीर्द, आपला गुरुभाऊ! आणि पाठोपाठ जे वाटलं त्याला नाव नाही.

"लागते, भाऊ," मी म्हणालो. "बदलावं लागन."

त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो फक्त मान डोलावून म्हणाला, "तू म्हणून राह्यला, तं लागतच असन."

मग त्याने चाचांच्या पान्याला कुंकू लावलं, प्रसादाचा नारळ घेतला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. मी त्या जमिनीवर बसून राहिलो. वकिलांच्या इंजिनात पिस्टन बदलायचे होते, रिंगा बदलायच्या होत्या, बेअरिंग बदलायचं होतं, क्रँक घासायचा होता. उईकेने एकेक बरोबर सांगितलं होतं. आणि ते सगळं मी तसंच केलं होतं, तो म्हणाला तसं.